मधली सुट्टी आधी लिहा, गणित नंतर

वेळापत्रक लावायला बसलात की कोऱ्या तक्त्यावर सगळ्यात आधी मधली सुट्टी लिहा. प्रयोगशाळा कुणाला कधी, संगणक कक्ष कुणाला कधी, अर्धवेळ शिक्षक कुठल्या वारी येणार, हे सगळं नंतर. मी बरीच वर्षं शाळेचं वेळापत्रक लावते आणि मैदानावर देखरेखीलाही असते. जे शेवटी बसवायचं ठरतं त्याला उरलेली जागा मिळते. सुट्टीच्या बाबतीत उरलेली जागा म्हणजे दहा मिनिटं, त्यातली निम्मी नळावरच्या रांगेत.

तुमच्या शाळेत काय चाललंय हे कळायला वाद घालण्याआधी मोजणी करा. घड्याळ घेऊन मैदानाच्या दारात उभं राहायचं. घंटा किती वाजता झाली, पहिलं मूल किती वाजता बाहेर आलं, शेवटचं मूल किती वाजता वर्गात परतलं, एवढंच टिपायचं. "फळ्यावरचं उतरवून घ्या, मग जा" म्हणणारे शिक्षक, अरुंद जिना, डबा, स्वच्छतागृहाची रांग, वेळेआधीच वाजणारी शिट्टी, हे सगळं कागदावरच्या तीस मिनिटांतून वजा करा. उरते ती खरी सुट्टी.

दुसरी मोजणी जास्त बोलकी असते: मैदानावर कोण नाही? सुट्टी चालू असताना वर्गांतून एक फेरी मारा. गृहपाठ राहिलेले, वही अपुरी असलेले, बोलले म्हणून बसवून ठेवलेले, कार्यक्रमाच्या सरावाला नेलेले, सगळ्यांची नावं लिहा. काही दिवस ही यादी केलीत की तीच तीच नावं परत दिसू लागतात. बहुतेक वेळा ती अशाच मुलांची असतात ज्यांना एका जागी बसणं सगळ्यात जड जातं. हालचालीवाचून बेचैन होणाऱ्या मुलाची हालचालच काढून घेतली, की पुढच्या तासाला ते जास्त चुळबुळ करणार, पुन्हा ओरडा खाणार, पुन्हा त्याची सुट्टी जाणार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2013 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली: शिक्षा म्हणून किंवा अभ्यास भरून काढायला सुट्टी काढून घेऊ नये. ही यादी आणि हे एक वाक्य मुख्याध्यापकांसमोर एकत्र ठेवा.

मग गृहपाठ राहिला तर करायचं काय, असं नवे शिक्षक विचारतात. अभ्यासाचा हिशेब अभ्यासाच्या वेळेतच चुकता करायचा. त्याच विषयाच्या तासाला, बाकीचे सराव करत असताना, राहिलेल्यातली दोन गणितं जवळ बसवून सोडवून घ्या. मैदानावरच मारामारी केली तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी त्या मुलाला त्या खेळातून काढते, सुट्टीतून नाही. माझ्याबरोबर मैदानाला एक-दोन फेऱ्या मारायच्या, चालता चालता बोलायचं, मग दुसऱ्या खेळात जायचं. समोर उभं करून विचारलं की गप्प बसणारी मुलं शेजारी चालताना बरंच सांगतात.

सभेत काय सांगायचं

"खेळून मार्क वाढतात का?" हा प्रश्न येणारच. गुण वाढतील असं वचन देऊ नका. जे माहीत आहे तेवढंच सांगा. अँथनी पेलेग्रिनी या अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांवर प्रयोग केले. काम सलग जितकं लांबलं तितकं लक्ष उडत गेलं, आणि सुट्टीनंतर ते परत आलं. 2009 मध्ये आठ-नऊ वर्षांच्या सुमारे 11,000 अमेरिकन मुलांची माहिती तपासली गेली. रोज किमान 15 मिनिटं सुट्टी मिळणाऱ्या मुलांचं वर्गातलं वागणं शिक्षकांनी अधिक चांगलं नोंदवलं होतं. एकामुळेच दुसरं घडलं असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, हेही आपणच सांगून टाकावं. नाहीतर सभेतला कुणीतरी हुशार पालक सांगतो. अभ्यासाचं नुकसान होईल या भीतीचं काय? अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने 2010 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सुट्टीने अभ्यास बिघडल्याचं आढळलं नाही.

पालकांच्या सभेत मात्र मी डोळ्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे सगळे कान टवकारतात. तैवानमधल्या काऊश्युंगजवळच्या दोन शेजारच्या शाळांची तुलना 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. एका शाळेत सुट्टी झाली की मुलांनी वर्गाबाहेरच जायचं असं ठरवलं, दुसरीत नेहमीसारखं चालू ठेवलं. वर्षभरात नव्याने मायोपिया झालेल्या, म्हणजे लांबचं धूसर दिसू लागलेल्या मुलांचं प्रमाण पहिल्या शाळेत 8.41 टक्के होतं, दुसरीत 17.65 टक्के. मुलांनी बाहेर पळावंच असंही नाही. नुसतं उजेडात असणंही डोळ्यांच्या कामी येतं.

"पीटीचा तास आहे की!" हे दुसरं हमखास वाक्य. पीटीच्या तासाला काय करायचं हे शिक्षक ठरवतात, सुट्टीत मूल ठरवतं. दोन्ही हवेत, एकाच्या बदल्यात दुसरा नको. आणि मोकळा वेळ ही काही शाळेची मेहेरबानी नाही: संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क करारातलं कलम 31 विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क मानतं.

मिनिटं कुठून काढायची

फिनलंडमध्ये साधारण 45 मिनिटांचा तास आणि मागोमाग 15 मिनिटं मोकळी, अशी पद्धत आहे. तसं लगेच जमणार नाही, पण त्यातलं तत्त्व उचलता येतं: एकच लांब सुट्टी देण्यापेक्षा सलग बसण्याचे पट्टे तोडा. तुमच्या वेळापत्रकातला सगळ्यात लांब सलग पट्टा शोधा. धाकट्या वर्गांना दोन तासिकांपेक्षा जास्त सलग बसवायचं नाही, असा माझा नियम आहे. यासाठी लागणारी मिनिटं विषयांच्या तासांतून क्वचितच कापावी लागतात. ती प्रार्थनेनंतरच्या लांबलेल्या सूचनांत, दोनदा लावलेल्या रांगांत, तास बदलतानाच्या गोंधळात सांडलेली असतात.

मैदान लहान असेल तर सगळी शाळा एकाच वेळी सोडू नका. धाकटे आणि मोठे वेगळ्या वेळी सोडले की धक्काबुक्की आपोआप कमी होते. खेळ आधी आणि डबा नंतर, हा बदल जरूर करून पाहा. डबा आधी असला की मुलं घास कोंबून पळतात, आणि निम्मा डबा तसाच घरी जातो.

मोठ्या वर्गांची सुट्टी सगळ्यात आधी छाटली जाते. "आता कुठे खेळायचं वय आहे त्यांचं?" अहो, खेळू नका म्हटलं तरी चालेल, पण मोकळं तर सोडा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं कट्ट्यावर बसून नुसती बोलतात, दिवसभरातला सगळा ताण तिथेच निवळतो. त्यांना उठवून पळायला लावू नये.

मैदानावर उभं राहण्याची रीत

दोन शिक्षक एकत्र उभे राहून गप्पा मारत असतील तर देखरेखीला कुणीच नाही असं समजावं. मधोमध उभं राहू नका, पाठीमागचं दिसत नाही. कडेकडेने सावकाश फिरत राहा. इमारतीची मागची बाजू, स्वच्छतागृहाचं दार आणि जिन्याखालची जागा प्रत्येक फेरीत नजरेखालून गेली पाहिजे. फोन खिशात.

सगळ्यात अवघड असतं ते कधी मध्ये पडायचं हे ठरवणं. दोन मुलं एकमेकांना लोळवतायत, दुरून सारखंच दिसतं. मग चेहरे बघायचे. खेळ असेल तर हसू असतं, आत्ता खाली असलेला थोड्या वेळाने वर असतो, ताकदवान मूल मुद्दाम जोर कमी लावतं, आणि खेळ संपल्यावर दोघं बरोबरच निघतात. खरी मारामारी असेल तर चेहरे ताठ होतात, एकच जण खाली राहतो, आणि भोवती कडं जमतं. कडं जमलं की मी धावते. एरवी दहापर्यंत आकडे मोजून परत बघते. झोंबाझोंबीचा प्रत्येक खेळ शिट्टी वाजवून थांबवणारे शिक्षक मला मान्य नाहीत. कुठे थांबायचं हे मुलं तिथेच तर शिकत असतात.

"बाई, हा आउट आहे आणि मानतच नाही!" यावर निकाल देऊ नका. एकदा दिलात की रोज कोर्ट भरतं. मी विचारते, "खेळ सुरू करताना तुमचं काय ठरलं होतं?" बहुतेक वेळा काहीच ठरलेलं नसतं. मग, "आता ठरवा," म्हणून मी चालू लागते. पहिल्यांदा अर्धी सुट्टी भांडणात जाते. जाऊ द्या. हळूहळू मुलं खेळाआधीच नियम ठरवू लागतात, आणि वाद आला की नवा डाव टाकून मोकळी होतात. मात्र तक्रार "मला घेतच नाहीत" अशी रोजची असेल, किंवा नेहमी त्याच मुलाला चिडवलं जात असेल, तर "तुमचं तुम्ही बघा" म्हणून चालत नाही. तिथे मोठ्यांनीच लक्ष घालायचं.

एकट्या दिसणाऱ्या मुलाला हाताला धरून खेळात ढकलू नका. आधी दोन-तीन दिवस बघा. काही मुलं गर्दीच्या वर्गातून सुटून खरंच एकटी राहायला आलेली असतात: मुंग्या बघत बसतात, भिंतीवर रेघा मारतात, मजेत असतात. दुसरं मूल खेळाच्या कडेला उभं असतं, चेंडू आला की एक पाऊल पुढे टाकतं, मग मागे घेतं. त्याला वाट हवी असते. त्याच्याकडे साहित्याच्या पेटीची जबाबदारी द्या. वस्तू मागायला चार जण रोज त्याच्याशी बोलतील.

पेटीवरून आठवलं. महागडी घसरगुंडी नसली तरी अडत नाही. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने 1971 मध्ये मांडलं होतं की हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितक्या शोधाच्या आणि कल्पनेच्या शक्यता जास्त. जुने टायर, पुठ्ठ्याचे मोठे खोके, दोर, खडू, चादरी पुरेत. खिळे आणि धारदार कडा मात्र आधी स्वतः तपासा. चेंडूला हद्द आखून द्या, नाहीतर मोठ्या मुलांचा एक सामना सगळं मैदान गिळतो आणि बाकीचे भिंतीला चिकटतात.

पाऊस पडला तर सुट्टी रद्द होत नाही, खोलीत होते. पेलेग्रिनींच्या एका प्रयोगात खोलीतल्या सुट्टीनंतरही लक्ष सुधारलं होतं. बाक बाजूला सरकवा, पत्ते, सोंगट्या, कागद काढा, आवाज थोडा सोसा. पडद्यावर चित्रपट लावून सगळ्यांना रांगेत बसवणं ही सुट्टी नव्हे.

परतताना दोन घंटा द्या. पहिलीला खेळ आवरायचा आणि पाणी प्यायचं, दुसरीला वर्गात. त्यानंतरच्या तासाची पहिली तीन-चार मिनिटं नवीन काही शिकवू नका. आधीच्या धड्यावरचे दोन सोपे प्रश्न पुरतात, तोवर श्वास जागेवर येतात. खरचटणं होणारच. प्रथमोपचाराची पेटी मैदानावर, कुलपाशिवाय ठेवा, आणि काय लागलं, कुठे लागलं याची नोंद करा. एकाच जागी तीनदा पडझड झाली तर दुरुस्ती जागेची करायची, खेळावर बंदी घालायची नाही.

एवढं करूनही वरून नकार आला तर सगळ्या शाळेसाठी भांडू नका. एका वर्गापुरती, एका महिन्यापुरती, दुपारच्या लांब पट्ट्यात पंधरा मिनिटांची जादा सुट्टी मागा. त्या तासाच्या शिक्षकांकडे एक वही द्या, रकाने तीनच: शिकवायला किती वाजता सुरुवात झाली, किती वेळा "शांत बसा" म्हणावं लागलं, ठरलेला भाग पूर्ण झाला का. त्याआधीच्या महिन्यातही हेच रकाने भरून घ्यायला विसरू नका, म्हणजे तुलनेला काहीतरी असेल. वही भरून झाली की मुख्याध्यापकांकडे स्वतः जाऊ नका. त्या शिक्षकांनाच पाठवा, शक्यतो जे सुरुवातीला विरोधात होते त्यांना.