महाविद्यालयाच्या आवारातला कचरा आवारातच कसा जिरवावा

फेब्रुवारी सरत आला की नाशिकमधल्या महाविद्यालयांच्या आवारात दोन दृश्ये हमखास दिसतात. एका कोपऱ्यात झाडलेल्या पाल्याचा ढीग असतो आणि सकाळच्या गारव्यात कोणीतरी त्याला काडी लावतो. तिथून पन्नास पावलांवर, कॅन्टीनच्या मागे, झाकण न लागणाऱ्या डब्यातून मिसळीची उसळ, पावाचे तुकडे आणि चहाचा चोथा ओसंडत असतो. खत होण्यासाठी ज्या दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात त्यांतली एक जळते आणि दुसरी कुजते. या दोहोंची गाठ कशी घालावी आणि उरलेल्या कचऱ्याचे काय करावे, हे क्रमाने पाहू.

आधी वजन, मग खरेदी

बहुतेक ठिकाणी उपक्रमाची सुरुवात रंगीत डबे विकत घेण्याने होते आणि बहुधा त्याचा शेवटही तिथेच होतो. डबे घेण्यापूर्वी एक संपूर्ण आठवडा कचरा तोलावा. परीक्षेचा किंवा स्नेहसंमेलनाचा आठवडा त्यासाठी निवडू नये. नेहमीचा, तासिका नियमित भरणारा आठवडा घ्यावा. कचरा जिथे एकत्र होतो तिथे जुनी ताडपत्री अंथरावी, रबरी हातमोजे व मास्क वापरावेत आणि भंगारवाल्याकडे असतो तसा लटकवायचा काटा घेऊन अन्न, पाला, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, काच-धातू आणि उरलेले सगळे यांचे वेगवेगळे वजन वहीत मांडावे. नोंद इमारतनिहाय असावी, म्हणजे ग्रंथालयातून काय येते आणि मेसमधून काय येते हे वेगळे कळते.

या कामात सफाईच्या मावशींना आणि मामांना केवळ मदतनीस म्हणून उभे करू नये. कोणत्या वर्गात बाकाखाली चिप्सची पाकिटे सापडतात आणि कोणत्या दिवशी मेसमध्ये भात जास्त उरतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. पहिल्या दिवशी त्यांच्याशी अर्धा तास बोलावे आणि त्यानंतरच काटा हातात घ्यावा.

वजनाला कायद्याचाही संदर्भ आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थेला ‘मोठा कचरा उत्पादक’ मानले आणि तिचा ओला कचरा शक्य तितका स्वतःच्या जागेत जिरवण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. वसतिगृह आणि मेस असलेले महाविद्यालय हा आकडा सहज गाठू शकते. पाला उघड्यावर जाळण्यास तर याच नियमांनी मनाई केली.

ताटात उरते ते आधी कमी करावे

मेसमध्ये ३०० जण जेवतात आणि प्रत्येकाच्या ताटात ५० ग्रॅम अन्न उरते असे धरले, तर एका वेळच्या जेवणात १५ किलो अन्न वाया जाते. त्यावर फलक लावून फारसा फरक पडत नाही. भाताचा मोठा डाव काढून लहान डाव ठेवणे, पहिल्या वाढणीत अर्धी वाटी वाढून दुसऱ्यांदा मोकळ्या मनाने वाढणे आणि उरलेल्या अन्नाचे वजन रोज मेसच्या दाराशी खडूने लिहिणे, हे उपाय मात्र उपयोगी पडतात. विद्यार्थ्यांना दटावण्याची गरज नसते. कालचा आणि आजचा आकडा शेजारी-शेजारी दिसला तरी चर्चा सुरू होते.

कॅन्टीनमधले कागदी कप दिसायला कागदी असले तरी त्यांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ते खतात कुजत नाहीत आणि रद्दीतही जात नाहीत. काचेचे किंवा स्टीलचे पेले आणि ते विसळणारा माणूस यांचा खर्च एकदा मांडून पाहावा. प्लास्टिकच्या व थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या, पेले आणि चमचे यांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे आणि पहिल्या चुकीला ५,००० रुपये दंड आहे, हे स्नेहसंमेलनाच्या समितीला मंडप घालण्याआधीच सांगावे.

डबे कमी, पण जोडीने

वर्गातले डबे काढून टाकावेत, हा सल्ला ऐकून प्राध्यापक दचकतात. तरीही तो द्यायला हवा, कारण वर्गातल्या एकट्या डब्यात पेन्सिलीचा भुसा, केळ्याची साल आणि पाण्याची बाटली एकत्र जातात आणि पुढे ती वेगळी करण्याचे काम मावशींच्या हातांवर पडते. त्याऐवजी प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यांची एक जोडी ठेवावी. एकटा डबा कुठेही ठेवू नये. झाकणावर शब्दांपेक्षा वस्तूंची चित्रे असावीत, आणि ती त्या इमारतीत खरोखर सापडलेल्या वस्तूंची असावीत.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या झाकणबंद डब्यात जावेत. प्रयोगशाळेतली रसायने, फुटलेली काच आणि जीवशास्त्राचे नमुने यांतले काहीही या डब्यांत येता कामा नये. त्यासाठी अधिकृत वाहतूकदारच हवा. जुने संगणक, बॅटऱ्या आणि ट्यूबलाइटही भंगारात न घालता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्याव्यात. उरलेला कागद, पुठ्ठा आणि बाटल्या भंगारवाल्याला विकून येणारे पैसे सफाई कर्मचाऱ्यांना मिळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्गीकरण मनापासून होते की नाही, हे बरेचसे त्यावर ठरते.

पाल्याची चाळ

आता मुख्य मुद्दा. आमच्या आवारात आम्ही पहिला ढीग जुलैत रचला. पंधरा दिवसांत त्यातून काळे पाणी वाहू लागले, वास ग्रंथालयापर्यंत पोचला आणि ढीग उचलून टाकण्याचा आदेश निघाला. चूक पावसाची नव्हती. ओल्या अन्नात मिसळायला आमच्याकडे सुका पालाच नव्हता, कारण तो मार्चमध्येच जाळून झाला होता.

नाशिककराला कांद्याची चाळ समजावून सांगावी लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत ठेवून पुढे कित्येक महिने पुरवतात. पाल्याचेही तसेच करावे. फेब्रुवारीपासून झाडलेला पाला कोरडा असतानाच पोत्यांत दाबून भरावा, पोती विटांवर रचावीत आणि वर पत्रा टाकावा. त्यात प्लास्टिक व खडे येऊ नयेत म्हणून आवार झाडण्याआधी एकदा हाताने कचरा वेचून घ्यावा. पावसाळ्याचे चार महिने हीच पोती खर्चायची असतात.

खतासाठी विटा फटी ठेवून रचलेला, प्रत्येक बाजू किमान तीन फूट असलेला हौद बांधावा, कारण याहून लहान ढिगात उष्णता टिकत नाही. असे निदान तीन हौद लागतात: एक भरत असतो, दुसरा मुरत असतो आणि तिसऱ्यातले खत चाळायला येते. तळाशी काटक्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यानंतर ओल्या कचऱ्याच्या एका बादलीला चुरलेल्या पाल्याच्या दोन ते तीन बादल्या, हे प्रमाण पाळावे आणि सर्वांत वर नेहमी पाल्याचाच थर असावा. विरजण म्हणून शेणकाला किंवा आधीच्या ढिगातले दोन घमेली खत पुरते; त्यासाठी महागड्या पावडरीची गरज नाही. मिसळीची तर्री आणि तळणीचे तेल मात्र ढिगात घालू नये, कारण तेलाने कण माखले की हवा अडते.

ओल किती असावी, याची परीक्षा मुठीने होते. आतला ऐवज मुठीत घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब आले तर ओल योग्य आहे. धार लागली तर पाला वाढवावा आणि मूठ उघडताच सगळे सुटे झाले तर पाणी शिंपडावे. ढीग चांगला रचला असेल तर काही दिवसांतच तो आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. लोखंडी सळई मध्यभागी पाच मिनिटे खुपसून बाहेर काढावी. ती हातात धरवत नसेल तर काम ठीक चालले आहे. आठवड्यातून एकदा फावड्याने ढीग खालीवर करावा. अमोनियासारखा उग्र वास आला तर पाला कमी पडला आहे, आणि सडका वास आला तर हवा कमी पडली आहे. पांढरट, जाडसर अळ्या दिसल्या की मुले किंचाळतात, पण त्या बहुधा अन्न फस्त करणाऱ्या निरुपद्रवी काळ्या माशीच्या असतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी ढिगाला बाधते, तेव्हा त्यावर गोणपाट टाकावे आणि थोडा धीर धरावा.

साधारण दोन-अडीच महिन्यांनी ढीग थंड, काळसर आणि भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. एका कुंडीत ते खत व माती निम्मी-निम्मी घेऊन मेथी पेरावी. ती आठवड्याभरात नीट उगवली तर खत तयार झाले. दाणे कुजले किंवा रोपे पिवळी पडली तर अजून पंधरा दिवस मुरू द्यावे.

घंटागाडी आणि वही

घंटागाडी नाशिकमध्ये नव्वदच्या दशकापासून फिरते आहे आणि महापालिकेचा पाथर्डी शिवारातला खतप्रकल्पही आहे. तेव्हा आवारात सगळेच जिरले पाहिजे असा हट्ट नको. मात्र गाडीत जे जाईल ते वेगळे केलेलेच जावे आणि त्याचेही वजन वहीत लिहावे.

विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात आणि उपक्रम बहुधा त्यांच्याबरोबरच जातो. म्हणून काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका उत्साही तुकडीवर न सोपवता, प्रत्येक वर्षातले दोन विद्यार्थी, एक शिक्षक आणि सफाई कर्मचाऱ्यांपैकी एक जण यांच्या नावावर ठेवावे. वही मावशींच्या खोलीत असावी, कार्यालयाच्या कपाटात नव्हे. जूनमध्ये नवी तुकडी आली की तिच्या हाती आधी फावडे न देता तिला चाळीतली पोती मोजायला लावावीत, आणि तो आकडा पावसाळा उजाडण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा.