‘भूल सोसत नाही’ असे म्हणण्यापूर्वी: भूलतज्ज्ञाला कोणती माहिती द्यावी

रावेर, चोपडा किंवा शहाद्याकडून शस्त्रक्रियेसाठी जळगाव-धुळ्याला आलेल्या कुटुंबात कोणीतरी सांगते, की ‘आमच्या माणसाला भूल सोसत नाही, मागच्या वेळी रक्तदाब एकदम पडला होता.’ दोष भुलीच्या औषधाच्या माथी जातो. परंतु कधी कधी मूळ कारण संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, बिघाडात असते, आणि तो आधी कळला तर भूलतज्ज्ञाला तयारी करता येते.

सर्वांत आधी स्टिरॉइडची आठवण करावी. दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी प्रेडनिसोलोनची गोळी रोज 5 मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रेत महिनाभर घेतली असेल, तर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी मंदावू शकतात आणि शस्त्रक्रियेच्या ताणात लागणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक त्या जादा प्रमाणात पुरवू शकत नाहीत. अशा रुग्णाचा रक्तदाब भुलीखाली घसरतो, सलाईन व नेहमीच्या औषधांनी पुरेसा वर येत नाही, आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे औषधरूपातील कॉर्टिसॉलच्या, इंजेक्शनने मात्र सावरतो. अडचण अशी, की आपण स्टिरॉइड घेतो हे पुष्कळांना ठाऊकच नसते. कापूस वेचून कंबर धरली, केळीचे घड वाहून गुडघे दुखू लागले, की कोणाकडून तरी बिननावाची पुडी आणली जाते आणि दोन दिवसांत माणूस चालू लागतो. इतका झटपट गुण आला, की त्या पुडीत स्टिरॉइड असल्याची शंका अवश्य घ्यावी. पुडीला घरात कोणी औषध समजत नाही, म्हणून ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे प्रामाणिक, पण चुकीचे उत्तर मिळते. उरलेली पुडी पिशवीत घालून न्यावी. ती बंद करून काही महिने झाले असले तरी सांगावे, कारण ग्रंथी पूर्ववत होण्यास कधी कधी वर्षभरही लागते. चालू असलेली स्टिरॉइडची गोळी मात्र भीतीपोटी आपल्या मनाने बंद करू नये.

थायरॉइड फार कमी असल्यास शुद्ध उशिरा येते, श्वास मंदावतो आणि अंग गार पडते. फार वाढलेले असल्यास शस्त्रक्रियेदरम्यान किंवा नंतरच्या दिवसभरात तीव्र ताप आणि नाडीची धाव सुरू होऊ शकते. भुलीतील एका आनुवंशिक प्रतिक्रियेतही असाच ताप चढतो, पण तिचा संप्रेरकांशी संबंध नाही; तरीही रक्ताच्या नात्यात कोणाला भुलीखाली तीव्र ताप आला असेल, तर तेही सांगावे. थायरॉइडचा ताजा अहवाल जवळ ठेवावा. थायरॉक्सिनची सकाळची गोळी सहसा शस्त्रक्रियेच्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घेतात. तरी एकदा विचारून घ्यावे.

डोकेदुखी, दरदरून घाम आणि छातीत धडधड ही तिन्ही लक्षणे अधूनमधून एकदम उसळत असतील, तर ती उन्हावर ढकलू नयेत. अॅड्रेनलिनसारखी द्रव्ये सोडणारी एक दुर्मीळ गाठ अशीच लक्षणे दाखवते आणि भुलीच्या वेळी रक्तदाब धोकादायक पातळीवर नेते. निदान आधी झाले, तर एक-दोन आठवडे योग्य गोळ्या देऊन मगच शस्त्रक्रिया करतात.

मधुमेहात जठर रिकामे होण्यास वेळ लागू शकतो. एरवी जड आहारानंतर आठ तास पुरतात, परंतु जुना मधुमेह असलेल्याने आदल्या रात्रीचे तेलकट भरीत आणि पुऱ्या टाळलेल्याच बऱ्या. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी तेही संकोच न करता सांगावे. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवण्यासाठी सुगामाडेक्स दिले गेल्यास त्यानंतर सात दिवस गर्भनिरोधाचे दुसरे साधन वापरावे लागते.

सर्व गोळ्यांच्या पट्ट्यांची छायाचित्रे आणि मागील शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड घरातील आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे, कारण अपघातात रुग्ण स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.