फोन वाजत नाहीये? एसी-फ्रिजच्या नव्या मेकॅनिकांनो, या चुका टाळा

नाशिकला अंबडच्या बाजूला माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. आयटीआयचा निकाल लागला की दरवर्षी दोन तऱ्हेची मुलं दारात येतात. काही विचारतात, "काका, काम आहे का?" आणि काही, दोन-तीन वर्षं कुठेतरी राबून झालेली, म्हणतात, "काका, स्वतःचं सुरू केलंय, पण फोनच येत नाहीत." दोघांचं दुखणं मला एकच दिसतं. कुणाला तरी त्यांची गरज पडते, पण नेमक्या त्या घटकेला त्यांचा नंबर समोरच्याच्या हाताशी नसतो. एप्रिलच्या भर दुपारी एसीतून गरम हवा यायला लागली की माणूस चौकशा करत बसत नाही. जो आधी सापडतो आणि आधी फोन उचलतो, काम त्याला मिळतं. वर्कशॉपच्या मालकाचंही तसंच. मार्चमध्ये कामं अंगावर आली की मला माणूस उद्या हवा असतो, पुढच्या महिन्यात नको.

मे महिन्यात वाटलेली पत्रकं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. ऊन कडक झालं की मुलगा छापखान्यात जातो, दोन हजार पत्रकं छापतो आणि पेपरवाल्याकडून पेपरात टाकून घेतो. तोवर ज्याला मेकॅनिक हवा होता त्याला तो मिळालेला असतो. आमच्या धंद्यातली खरी जाहिरात फेब्रुवारीत करायची, होळीच्या आधी. तेव्हा लोकांचे एसी बंद असतात, फिल्टरवर सहा महिन्यांची धूळ असते आणि मेकॅनिकही मोकळा असतो.

पत्रकावर काय छापलं जातं तेही बघा. एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर, आरओ, इन्व्हर्टर, सीसीटीव्ही. वाचणाऱ्याला यातलं काहीच लक्षात राहत नाही. "एसी सुरू करण्याआधी धुऊन घ्या", खाली दर, खाली नंबर, एवढंच छापा. सगळं नाशिक धरू नका. घराजवळच्या चार-पाच सोसायट्या निवडा, सेक्रेटरींना भेटा, नोटीस बोर्डावर कागद लावायची रीतसर परवानगी घ्या. एका इमारतीत तीन एसी धुतलेत की चौथा माणूस जिन्यातच गाठतो. झाडाला खिळे ठोकून पाट्या मात्र लावू नका. झाडाचं नुकसान होतं, आणि महापालिकेनं कारवाई केली तर पाटीवर तुमचाच नंबर असतो.

स्टिकर कुठे लावता?

माझ्या मते पहिल्या वर्षात स्टिकरसारखी दुसरी जाहिरात नाही, आणि त्यातच मुलं सगळ्यात जास्त चुकतात. स्प्लिट एसीची सर्व्हिस झाली की बाहेरच्या युनिटवर स्टिकर मारून मोकळे. ते युनिट असतं बाल्कनीच्या पलीकडे, उन्हात. एका उन्हाळ्यात छपाई पांढरी पडते, आणि तसंही तिकडे डोकावतं कोण? काही जण आतल्या युनिटचं झाकण उघडून आत चिकटवतात. ते पुढच्या मेकॅनिकला दिसतं, घरच्यांना नाही.

एसी थंड करेना झाला की माणूस आधी काय हातात घेतो? रिमोट. तो बटणं दाबून बघतो, उलटा करतो, सेल काढून पुन्हा घालतो. म्हणून मी रिमोटच्या पाठीवर, सेलच्या झाकणाच्या वर, दोन बोटांएवढं स्टिकर लावतो. घरच्यांना विचारून. त्यावर नाव, नंबर आणि सर्व्हिसची तारीख. नाव-नंबर छापलेला हवा, तारीख परमनंट मार्करनं. बॉलपेननं लिहिलेलं हाताच्या घामानं महिन्याभरात पुसतं. फ्रिजला पुढच्या दारावर स्टिकर कुणालाच आवडत नाही. बाजूच्या पत्र्यावर, डोळ्यांच्या उंचीला लावा. तारीख असली म्हणजे वर्षभरानं घरातली बाई स्वतःच म्हणते, अरे, सर्व्हिस करून वर्ष झालं की.

आणि नंबर बदलू नका. कुठल्या तरी स्वस्त योजनेच्या नादात सिम बदलणारा मुलगा शंभर घरांतली आपली स्टिकरं एका दिवसात रद्दी करून टाकतो.

गूगलवर तुम्ही सापडता का

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. तरी निम्मी मुलं ते काढत नाहीत, आणि जी काढतात ती नावातच घोळ घालतात. "साई एसी रिपेअर बेस्ट फ्रिज सर्व्हिस नाशिक सिडको इंदिरानगर" असं नाव दिलं की आपण वर दिसू, अशी समजूत असते. गूगलच्या नियमात नाव तेच हवं जे पाटीवर आणि बिलावर आहे. नावात शब्द कोंबले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. तसं झालं की घाबरून लगेच दुसरं प्रोफाइल काढू नका, दुहेरी नोंद झाली की गुंता वाढतो. आधी नाव दुरुस्त करा आणि मग अपील करा.

घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. पडताळणीसाठी बहुतेकदा व्हिडिओ मागतात. त्यात तुमचा चेहरा लागत नाही. रस्ता किंवा परिसर, तुमची हत्यारं, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजनचा सिलिंडर, नावाचं बिलबुक, हे सगळं न थांबता एकाच व्हिडिओत दाखवा. तुकडे जोडलेला व्हिडिओ चालत नाही.

कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव लावून "अधिकृत सर्व्हिस सेंटर" म्हणवून घेणं ही तर सरळ फसवणूक आहे. असं करणारे चार दिवस कमावतात हे मला माहीत आहे. तरीही करू नका.

परीक्षणं, म्हणजे रिव्ह्यू, मागायला लाजू नका. थंड हवा आल्यावर, पैसे हातात पडायच्या आधी, माणूस खुशीत असतो. तेव्हाच लिंक पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं किंवा विकतचे रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही. वाईट रिव्ह्यू आला तर वाद न घालता तारीख, काय केलं आणि परत कधी येऊन बघतो, एवढं शांतपणे लिहा. नवा ग्राहक तुमचं उत्तर आधी वाचतो.

"मेसेज पाठवला, पण कुणी उत्तरच दिलं नाही"

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टबद्दलची, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याबद्दलची ही तक्रार मी फार ऐकतो. यात एक साधी गोष्ट असते. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तुम्ही दोनशे ग्राहकांची यादी केलीत, पण त्यातल्या तीस जणांकडे तुमचा नंबर नावानिशी असेल तर मेसेज तिसांनाच गेला. म्हणून काम संपल्यावर सांगा, "ताई, माझा नंबर सेव्ह करता का, 'एसी' शब्दापासून नाव लिहा." 'एसी' लिहिलं की वर्षानं शोधताना सापडतो. तुमचं नाव वर्षभरानं कुणाला आठवणार आहे?

बिझनेस व्हॉट्सॲप घ्या. त्यात ग्राहकांना लेबलं लावता येतात. 'गॅस भरला', 'पीसीबी (आतलं सर्किट बोर्ड) बदलला', 'फेब्रुवारीत फोन करणे' अशी चार लेबलं असली तरी पुरतात.

अनोळखी लोकांना आपल्या साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचे फोन किंवा घाऊक एसएमएस मात्र करू नका. जाहिरातीच्या कॉलसाठी 140 ची वेगळी मालिका आहे. लोकांनी 1909 वर तक्रार केली तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो. त्याआधीच बऱ्याच फोनवर तो लाल रंगात 'स्पॅम' म्हणून दिसायला लागतो. मग खऱ्या ग्राहकाला "खाली आलोय" म्हणून फोन केला तरी तो उचलत नाही.

स्वस्त सर्व्हिस आणि गॅसचा खेळ

नव्या मुलाला वाटतं, दर पाडला की गिऱ्हाईक आपलं. मग 299 मध्ये सर्व्हिस देतो, पेट्रोलही सुटत नाही, आणि ते भरून काढायला "गॅस कमी झालाय" म्हणतो. एसीतला गॅस आपोआप संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी लिकेज आहे. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसानं लिकेज शोधायचं, जोड पक्का करायचा, व्हॅक्यूम काढायचा, म्हणजे पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, आणि मगच वजन करून गॅस भरायचा. हे न करता नुसता गॅस मारला तर महिन्याभरात तो एसी परत गरम, आणि त्या इमारतीत तुमचं नाव कायमचं संपलं. पूर्ण काम करा, पूर्ण दर घ्या, फेसाचा बुडबुडा येतोय तो ग्राहकाला बोलावून दाखवा. तो बुडबुडा डोळ्यांनी पाहिलेला माणूस दरावर घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव आहे.

पहिल्याच वर्षी गाठणारे ठग

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाला फोन आला. "मी लष्करात आहे, देवळालीला बदली झालीय, सहा एसी बसवायचेत." देवळालीला लष्कराची छावणी आहे, त्यामुळे नाशिकमध्ये हे कुणालाही खरं वाटेल. समोरच्यानं ॲडव्हान्ससाठी क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे जमा झाले नाहीत, गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. असं घडलं तर लाजून गप्प बसू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा.

उद्यम नोंदणीचंही, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचंही, तसंच. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइटवर दोन-अडीच हजार भरून आलेली मुलं मी पाहिलीत. नोकरीच्या बाबतीत तेच ठग "ट्रेनिंग फी", "युनिफॉर्मचं डिपॉझिट" मागतात. कामाला ठेवणारा मालक पगार देतो, कामगाराकडून पैसे घेत नाही.

आता नोकरी शोधणाऱ्यांसाठी

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा बायोडेटांवर सायबर कॅफेतली तीच ती तीन वाक्यं असतात, वडिलांचं नाव, छंद, जन्मतारीख सगळं असतं. मला हवं ते एकही नसतं. इन्व्हर्टर एसी उघडलाय का? फ्लेअरिंग, म्हणजे तांब्याच्या नळीचं तोंड जोडासाठी रुंद करणं, स्वतः केलंय का? आर-32 गॅसवर काम केलंय का, तो पेट घेऊ शकतो हे माहीत आहे का? गाडी आणि लायसन्स आहे का? या चार ओळी लिहा, बाकी अर्धं पान कोरं राहू द्या. चार बायोडेटांवरचा नंबर तर लागतच नाही. देण्याआधी दुसऱ्या फोनवरून स्वतःला एकदा फोन करून बघा.

मुलाखत म्हणजे आमच्याकडे बाकावर ठेवलेला जुना कॉम्प्रेसर. मी मल्टिमीटर देतो आणि म्हणतो, सांग चांगला की खराब. तीन पिना असतात. कॉमन, स्टार्ट आणि रन. स्टार्ट-रनमधलं रीडिंग सगळ्यात मोठं यायला हवं, बाकीच्या दोघांच्या बेरजेएवढं. एकीकडे 4 ओहम, दुसरीकडे 11, तर तिसरीकडे 15. मग प्रत्येक पिन आणि बॉडी यांच्यात अर्थिंग लागत नाही ना, म्हणजे वायंडिंग बॉडीला चिकटलेलं नाही ना, ते तपासायचं. ज्याला हे येतं त्याला मार्क किती पडले ते मी विचारत नाही. येत नसेल तर घरी फ्रिजची भंगारातली मोटर आणा आणि पन्नास वेळा मोजा.

अप्रेंटिसशिप मिळाली तर तिची सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद झालीय ना, ते पहिल्याच आठवड्यात तपासा, नाहीतर वर्ष राबून हातात प्रमाणपत्र येत नाही. शेवटची परीक्षा चुकवू नका. आधार, दहावीचं मार्कशीट आणि आयटीआयची कागदपत्रं यांवरचं नाव अक्षरान्‌अक्षर जुळतंय का बघा. एका वेलांटीपायी अडकलेली मुलं मला दरवर्षी भेटतात. दुरुस्ती निकालानंतर करण्यापेक्षा शिकत असतानाच करून घ्या. राज्याच्या महास्वयम् पोर्टलवर नाव नोंदवा, रोजगार मेळाव्याला जा, पण त्यावरच विसंबून घरी बसू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी नऊला, बायोडेटा घेऊन, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांतून स्वतः फिरा. नऊला आम्ही दिवसाची कामं वाटत असतो आणि माणूस कमी पडतोय हे तेव्हाच कळतं.

नोकरी सोडून स्वतःचं सुरू करताना

मालकाच्या ग्राहकांना गुपचूप आपलं कार्ड देऊ नका. नाशिक तेवढं मोठं नाही, महिन्याभरात कळतंच. स्पेअर पार्ट देणारे दुकानदार सगळ्यांचे एकच असतात, आणि तुम्हाला उधारी द्यायची की नाही हे ते जुन्या मालकाला विचारून ठरवतात. माझ्याकडून दोन मुलं सांगून गेली. "काका, दिवाळीनंतर स्वतःचं करतोय." त्यातल्या एकाचं घर पाथर्डी फाट्याला आहे. सीझनमध्ये त्या बाजूला मला पोचता येत नाही, तेव्हा तिकडचा फोन आला की मी त्याचाच नंबर देतो. मोठी पाइपिंगची कामं त्याच्याकडे आली की तो ती माझ्याकडे पाठवतो. गेल्या मे महिन्यात त्याचा व्हॅक्यूम पंप बिघडला, तो माझा घेऊन गेला आणि संध्याकाळी तेल बदलून परत आणून ठेवला.