आजोबांचा पाइप उजळायला घेताय? आधी या चुका टाळा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात खर्रा घोटणारे हात घरोघरी सापडतील. चिलीम ओढणारे दोन-चार म्हातारे अजून पारावर बसतात. तंबाखू ओढायचा पाइप मात्र एकाच घरात आहे, आमच्या. आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते आणि तिथला मॅनेजर गाव सोडताना आपला पाइप त्यांना देऊन गेला. त्यांनी तो वीस वर्षं वापरला, त्याला काही झालं नाही. माझ्या हाती आला आणि एका रविवारी मी त्याची वाट लावली. वाटीला जोडलेल्या लाकडी दांडीवर बारीक ठशात ‘लंडन’ असं उमटवलेलं होतं. चकाकी आणायच्या नादात झिरो पेपरनं घासून ते मीच मिटवलं.

मी तंबाखू ओढत नाही, कुणी ओढावा असंही सांगत नाही. पण त्यानंतर आसपासच्या गावांतून आणखी तीन-चार जुने पाइप माझ्याकडे आले. त्यांची खराबी ओढण्यानं झालेली नव्हती, साफसफाईनं झालेली होती.

आधी लाकूड ओळखा. हे सागवान नाही. चांगला पाइप ब्रायरचा असतो. भूमध्य समुद्राच्या काठी ‘एरिका आर्बोरिया’ नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी धरणारी गाठ म्हणजे ब्रायर. ती घट्ट असते, आच सोसते आणि ओल पिते. म्हणून दिवाणाला आणि दाराला चालणारे आपले उपाय इथे उलटतात.

नळी ओढून काढणं

पाइप गरम असताना तोंडात धरायची नळी काढू नका. दांडीच्या भोकात नळीचं जे बारीक टोक बसतं ते तेव्हा आवळलेलं असतं, आणि झटका दिला की टोक तरी तुटतं नाहीतर दांडी चिरते. थंड झाल्यावर एका हातानं दांडी, तंबाखू भरायची वाटी नव्हे, धरायची आणि नळी एकाच दिशेनं फिरवत फिरवत काढायची. तंबाखूच्या वर्षानुवर्षांच्या चिकट राळेनं अडकली असेल तर पाइप प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. बहुतेक वेळा सुटते. बसवताना करकरत असेल तर टोकावर शिसपेन्सिल घासा. तेल लावू नका.

पाणी, निरमा आणि सॅनिटायझर

आमच्या आईनं पहिल्यांदा पाइप पाहिला तेव्हा म्हणाली, “काहून एवढा वास मारून रायला? आण, राखेनं घासून देतो.” भांड्यासारखा तो धुतला की लाकूड फुगतं, आतला काजळीचा थरही फुगतो आणि वाळताना दोन्ही वेगवेगळे आक्रसतात. तडा तिथेच जातो.

आतली राळ अल्कोहोलनं सुटते. परदेशी व्हिडिओवाले बिनधास्त सांगतात की रम किंवा व्होडका ओता. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे तो सल्ला आपल्यासाठी नाही. एकानं मला मोहाची सुचवली होती. तिच्यात पाणी किती आणि आणखी काय काय, हे गाळणाऱ्यालाही माहीत नसतं. हार्डवेअरमधलं पॉलिशचं स्पिरिट तर मुळीच नको, त्यात विषारी मिथेनॉल घातलेलं असतं आणि ही वस्तू तोंडात जाते. करोनात आणलेल्या जेल सॅनिटायझरची उरलेली बाटलीही बाजूला ठेवा, त्यातला चिकटा भोकात बसून राहतो. मेडिकलमध्ये आयसोप्रोपाइल अल्कोहोल मागा. ७० टक्क्यांचं मिळतं, पण त्यात उरलेलं पाणीच असतं. ९९ टक्क्यांचं मिळालं तर तेच घ्या.

वापरायची रीत अशी. बरेच जण वाटीत मीठ भरतात. आपल्याकडे कापसाला काय तोटा? सरकी काढलेला घरचा कापूस वाटीत सैलसर भरा, दांडीच्या भोकात कापसाची पिळलेली वात घाला आणि ड्रॉपरनं थेंब थेंब अल्कोहोल सोडा, कापूस भिजेल एवढंच. थेंब बाहेरच्या अंगावर ओघळला की तिथला रंग उडालाच म्हणून समजा. रात्रभर ठेवा, चुलीपासून आणि दिव्यापासून लांब, कारण हे भडकन पेटतं. सकाळी कापूस काळ्या चहासारखा झालेला असतो. आजोबांच्या पाइपला चार रात्री लागल्या. मग आठवडाभर सावलीत वाळू द्या. ओढताना गुडगुड आवाज येतो अशी तक्रार असेल, तर ती याच साचलेल्या राळेची आणि ओलीची असते.

स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रोजेक्टसाठी रंगीत ‘पाइप क्लीनर’ मिळतात, ते घेऊ नका. कृत्रिम धाग्याचे असतात, ओल शोषत नाहीत. बारीक तांब्याच्या तारेवर समईची वात घट्ट पिळली की झालं.

काजळी मुळापर्यंत खरवडणं

वाटीच्या आत जमलेला कोळशाचा थर म्हणजे घाण नव्हे. तो लाकडाला आगीपासून वाचवतो. सुमारे एक ते दीड मिलिमीटर राहू द्यायचा. त्याहून जाड झाला तर तापल्यावर तो लाकडाला आतून रेटतो आणि वाटी फुटते. चाकूचं टोक वापरलं की बुडाशी खड्डा पडतो. बोटाएवढ्या गोल काडीला पॉलिश पेपर गुंडाळून हळूहळू फिरवा. काठावरचं काळं झालेलं थोडं तसंच राहिलं तर बिघडत नाही. मला तर ते आवडतं, आजोबांच्या काडेपेटीची ती खूण आहे.

जवसाचं तेल

ही चूक खास आपल्या भागातली. घरात जवस, बैलगाडीच्या लाकडाला जवसाचं तेल, मग पाइपला का नको? ते हवेनं हळूहळू घट्ट होतं आणि मधल्या काळात वाटी हाताला चिकटते. दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात तर लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. शिवाय त्या तेलानं माखलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. खोबरेल आणि गोडेतेल कालांतरानं खवट होतं.

तपकिरी झालेली नळी

जुन्या नळ्या एबोनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या. ऊन लागलं की काळ्याच्या हिरवट-तपकिरी होतात आणि तोंडात गंधकाची चव येते. गरम पाण्यात टाकल्या तर आणखी लवकर. ६००, १०००, २००० नंबरचा पेपर क्रमानं, पाण्यात भिजवून घासा आणि शेवटी साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं पुसा. घासताना नळी आणि दांडी यांच्यामध्ये आइस्क्रीमच्या झाकणाची कापलेली चकती घाला, नाहीतर सांध्याची कड गोल होते आणि फट दिसते. दांडीवर ठसा असेल तर तिथे कागद चिकटवून मगच पेपर हातात घ्या. माझ्यासारखं करू नका.

मे महिन्यात पाइप खिडकीत ठेवला तर वाकडी नळी सरळ होऊ शकते, कारण एबोनाइट तापलं की मूळ आकाराकडे जातं. तारेची वात आत घालून न्हाव्याकडच्या हेअर ड्रायरनं पुन्हा वाकवता येते, पण घाई केली की भोक चेपतं.

नळी चकचकीत प्लास्टिकची, म्हणजे ॲक्रेलिकची असेल तर अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात. तिला साबणाचं कोमट पाणी पुरतं.

वार्निश आणि ग्राइंडर

सुताराकडचं मेलामाइन, वार्निश, बुटाचं पॉलिश, गाडीचं वॅक्स, सगळं बाद. वाटी तापली की वार्निशला फोड येतात. लाखेचं पॉलिश दिसतं देखणं, पण तेही आचेनं मऊ पडतं. पाइपला कार्नौबा मेण लागतं. ते ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून येतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं. आपलं मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांनाच पातळ होतं. नुसता शोकेसमध्ये ठेवायचा पाइप असेल तर ते चालेल, अगदी बोटाच्या टोकाएवढं घेऊन जुन्या धोतराच्या फडक्यानं घासा. वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरला बफ, म्हणजे चकाकी आणायचं कापडी चाक, लावून देतो म्हणणारा भेटेल. ती मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. एबोनाइट जळतं, नाहीतर पाइप हातातून सुटून भिंतीवर जातो.

झाल्यावर कुठे ठेवता तेही बघा. श्रावणात बंद डब्यात ठेवलेल्या पाइपला बुरशी येते. आजीनं आमचा ट्रंकेत डांबर गोळ्यांसोबत ठेवला होता. तो वास घालवायला वाटीत कापूस बदलत दोन महिने गेले, तरी पावसाळी हवेत वाटीला नाक लावलं की आधी तंबाखूचा नाही, ट्रंकेचाच वास येतो.