परदेशी विद्यापीठासोबत तालमीत उतरण्याआधी

दिवाळीनंतर आमचं काम पुन्हा सुरू होतंय. जर्मनीतलं एक विद्यापीठ, आमचा समाजशास्त्र विभाग आणि कोल्हापूर भागातल्या तालमी. गावाकडून आलेल्या पोरांचा खर्च कोण उचलतं आणि कुस्ती सुटल्यावर त्यांचं काय होतं, हा विषय. मागच्या वेळी याच कामात माझ्याकडून एक गोष्ट राहिली आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून ही यादी. कबड्डी, खो-खो, बैलगाडा शर्यत, कशावरही परदेशी जोडीदारासोबत पहिल्यांदा काम करत असाल तर वाचा.

सामंजस्य करार, विभागाचं पत्र, पासपोर्टच्या प्रती, हे सांगायला नको. ते कार्यालय तुमच्याकडून करून घेतंच.

जे कुणीच करून घेत नाही ते म्हणजे संमतीपत्रकातली सहावी ओळ. आमच्या पत्रकात पाचच होत्या: हेतू समजला, सहभाग ऐच्छिक, कधीही थांबता येईल, बोलणं रेकॉर्ड होईल, नाव बदललं जाईल. सहावी हवी होती ती अशी, की हे रेकॉर्डिंग देशाबाहेर जाईल आणि तिथली अमुक माणसं ते ऐकतील. चार महिन्यांत ३४ मुलाखती झाल्या. मग जोडीदार विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीने एकच प्रश्न विचारला: बोलणाऱ्यांना हे माहीत होतं का? नव्हतं. आवाज पाठवता आला नाही आणि शब्दांकनही नाही. सह्यांसाठी पुन्हा फिरलो तर कुणी भरतीत लागलेला, कुणी तालीम बदललेली, कुणाचा नंबर बंद. ११ मुलाखती कायमच्या बाजूला राहिल्या. त्यांतले एक जुने पैलवान मधल्या काळात वारले. दीड तास बोलले होते. त्यात काय होतं ते मला इथेही लिहिता येत नाही, कारण सहावी ओळ मी त्यांना वाचून दाखवलीच नव्हती.

तर सहावी ओळ. ती कशी लिहायची तेही सांगते, कारण दुसऱ्या खेपेलाही मी ती आधी चुकीचीच लिहिली. ‘संकलित माहिती सहयोगी संस्थेस हस्तांतरित होऊ शकते’ असं छापून नेलं होतं. एका वस्तादांनी कागद घेतला, खिशातून चष्मा काढून लावला, हात लांब करून दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘म्हंजी माझा आवाज कुठं जानार, मॅडम?’ मी म्हटलं, जर्मनीला. ‘मग तसं लिवा की.’ तसंच लिहा. देशाचं नाव, ऐकणारे किती जण, किती वर्षं ठेवणार, नंतर पुसणार की संग्रहात जाणार. आवाजासाठी एक चौकट आणि शब्दांकनासाठी दुसरी, कारण बऱ्याच जणांची लिहिलेल्याला हरकत नसते पण आवाजाला असते. वाचता न येणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. एक प्रत त्याच्याकडे राहू द्या. घाईत असलात तरी हे उरकू नका.

जोडीदार युरोपातला असेल तर २५ मे २०१८ पासून तिथे जीडीपीआर, म्हणजे युरोपचा व्यक्तिगत माहिती जपण्याचा कायदा, लागू आहे. त्यांच्या हातात पडलेल्या आवाजाला तो लागतो, मग आवाज शिरोळ तालुक्यातल्या पोराचा का असेना. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आहे, त्याची प्रत दोघांनी एकदा सोबत वाचावी. कोणती फाइल कोणाच्या संगणकावर राहणार हे एका पानावर लिहून सह्या करा. आणि कृपा करून, शब्दांकनासाठी आवाज कुठल्याही फुकटच्या संकेतस्थळावर चढवू नका. त्याचा सर्व्हर कुठे आहे हे तुम्ही सांगू शकत नाही, म्हणजे तोही परदेशच, आणि पुन्हा सहाव्या ओळीचाच प्रश्न. शिवाय कोल्हापुरी बोली त्या यंत्रांना झेपत नाही. माणूस बसवा, त्याला रीतसर मानधन द्या.

अठरा वर्षांखालची मुलं हा वेगळा कप्पा आहे. तालमीत बारा-तेरा वर्षांची पोरं राहायला असतात, आईबाप सांगोल्याला नाहीतर जतला. वस्ताद त्यांना आईबापाच्या जागी असतात, पण कागदावर नसतात. वस्तादांची परवानगी लागतेच, त्यांच्याशिवाय आत पाऊल टाकू नये. पण ती आईबापाच्या सहीच्या जागी चालत नाही. म्हणजे गावी जायचं. त्या प्रवासाचे पैसे अंदाजपत्रकात धरा. आईबापाची सही झाली तरी पोराला स्वतंत्र विचारा, आणि त्यालाही सहावी ओळ सांगा. परदेशात कोण ऐकणार हे मुलाला मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

नाव बदलण्याबद्दल. ‘एक महाराष्ट्र केसरी’ असं लिहिलंत तर नाव बदलून काही उपयोग नाही. १९६१ पासूनच्या विजेत्यांची यादी उघड आहे. वय, जिल्हा आणि ‘दोनदा अंतिम फेरीत हरले’ एवढं दिलं की कोल्हापुरातला कुठलाही रिक्षावाला नाव सांगेल. जोडीदाराला हे कळत नाही, त्याला वाटतं की दूर देशातल्या वाचकाला काय समजणार. पण आता लेख सगळीकडे पोचतो. पहिला वाचणारा त्याच तालमीतला एखादा बी.ए.चा मुलगा असेल.

पैसा. परदेशी संस्थेचा निधी कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टकडे येणार असेल तर परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० आडवा येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे वर्ग करता येत नाही. तालमीला त्यातून हिस्सा देऊ, असं बोलून बसू नका. मी बसले नाही, पण एका सहकाऱ्याला शब्द मागे घ्यावा लागला, आणि तालमीच्या दारात दिलेला शब्द मागे घेणं फार जड जातं. लेखाधिकाऱ्याला पहिल्या आठवड्यात भेटा.

व्हिसा: पाहुण्याने पर्यटक व्हिसावर येऊन मुलाखती घ्यायच्या नाहीत. संशोधनाचा व्हिसा वेगळा असतो, त्याला वेळ लागतो. नीतिमत्ता समित्या दोन असतात, तुमची आणि त्यांची; दोघींना एकच मराठी पत्रक द्या, सोबत भाषांतर. वजन घटवणं, खुराक, रक्त असं आरोग्याचं काही मोजणार असाल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागेल. नुसत्या गप्पा-मुलाखतींच्या कामात असल्या मोजणीची हौस धरू नका.

जोडीदाराला आधी कोल्हापूर समजावून द्या. त्यांची बरीचशी मांडणी युरोपातल्या फुटबॉल क्लबांवरून आलेली असते आणि तालमीला ती जशीच्या तशी बसवली की सगळं वाकडं दिसतं. शाहू महाराजांचा राजाश्रय, १९१२ चं खासबाग मैदान, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्यपदक आणि तिथे जाण्यासाठी झालेली वर्गणीची धावपळ, एवढं तरी त्यांनी वाचून यावं. खर्च कोण उचलतं हा आमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. मग शब्द. तालीम म्हणजे जिम नव्हे, पोरं तिथे राहतात, झोपतात, भाकऱ्या करतात. वस्ताद म्हणजे नुसता प्रशिक्षक नव्हे. मेहनत, खुराक, जोड (तोलामोलाचा प्रतिस्पर्धी), निकाली कुस्ती (निकाल लागेपर्यंत चालणारी), हे शब्द मराठीतच ठेवायचे आणि एकदा नीट समजावून सांगायचे, असं आधीच ठरवा. शेवटच्या मसुद्यात यावर भांडण झालं तर ज्याची इंग्रजी चांगली त्याचंच चालतं.

संशोधक बाई असेल तर हौद्यापर्यंत, म्हणजे कुस्तीच्या मातीपर्यंत, जाता येतं का ते आधी विचारून घ्या. काही तालमींत बाईने मातीत पाऊल टाकलेलं चालत नाही. मी पायरीवर बसून बोलते, माझा सहायक आत जातो. पटो न पटो, पाहुणीला हे विमानात बसण्याआधी कळलेलं बरं. आत जाणाऱ्या सहायकाला पत्रक तोंडपाठ हवं. सहावी ओळ पायरीवर माझ्याकडून राहिली नाही तरी आत त्याच्याकडून राहू शकते.

वेळापत्रक: पहाटेची मेहनत आटोपून खुराक झाला की तासभर मिळतो, मग पोरं झोपतात. झोप मोडू नका. चैत्रात जत्रांची मैदानं सुरू झाली की तालमी ओस पडतात, मे संपेपर्यंत कुणी सापडत नाही. जर्मनीशी ऑनलाइन बैठक ठेवताना लक्षात घ्या, हिवाळ्यात ते साडेचार तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. ऑगस्टमध्ये ते सुट्टीवर, दिवाळीत आपण.

लेखकांची नावं आणि क्रम मुलाखती सुरू होण्याआधी लिहून ठेवा. शब्दांकन आणि क्षेत्रकाम करणाऱ्या मुलाचं नाव लेखात आलं पाहिजे, नुसत्या आभारात नव्हे. इंटरनॅशनल सोशिऑलॉजी ऑफ स्पोर्ट असोसिएशनच्या परिषदेला गोषवारा द्यायचा असेल तर मुदत बघा. मराठीत कुठे छापणार तेही ठरवा. रेकॉर्डर दोन, बॅटऱ्या, पेनं, शाईचा पॅड.

निष्कर्ष छापून तालमीत परत न्या, वाचून दाखवा, चैत्राच्या आत. बाकी काही राहिलं तर दुकानात मिळतं किंवा दुसऱ्या दिवशी होतं. निघण्याआधी पिशवीतली पत्रकं बाहेर काढा, एकेक उलटून बघा, ओळी मोजा. सहा.