हॉलमार्क असलेली सोनसाखळी जोडताना

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात शेटाकडे, म्हणजे सोनाराकडे, तुटलेल्या साखळ्यांची रीघ लागते आणि घाईत पहिली चूक ज्योत पेटण्याआधीच होते: हॉलमार्कची खूण कुठे आहे हे न पाहता दागिना हाती घेतला जातो. साखळीवर ती बहुधा फाशाजवळच्या छोट्या चकतीवर असते. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२के९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) अशा तीन खुणा असतात. त्यापूर्वीच्या दागिन्यांवर बहुधा चार खुणा आढळतात आणि त्यांत एचयूआयडी नसतो. एचयूआयडी असेल तर तो भिंगाखाली वाचून बीआयएस केअर ॲपमध्ये पडताळावा आणि गिऱ्हाइकासमोरच मिलिग्रॅमपर्यंत वजन करून दोन्ही नोंदी पावतीवर घ्याव्यात.

त्यानंतर रिठ्याच्या कोमट पाण्याने घामाचा व तेलाचा मळ काढावा, कारण मळकट जागी झाळ (वितळवून सांधा जोडणारा मिश्रधातू) धरत नाही. तुटलेल्या कडीची टोके बारीक कानशीने सपाट करून जुळवावीत व उजेडासमोर धरून पाहावीत. मधून उजेड दिसला तर पुन्हा घासावे, कारण झाळ फट भरत नाही, ती अरुंद सांध्यात ओढली जाते. नवशिक्यांचा निम्मा त्रास इथेच असतो. ते जादा झाळ घालतात आणि शेजारच्या दोन कड्या एकमेकींना चिकटवून बसतात.

झाळ दागिन्याच्याच कसाची हवी. २२ कॅरेटमध्ये हजारात ९१६ भाग सोने असते. उरलेल्या ८४ भागांत चांदी-तांब्याबरोबर थोडे जस्त असले की तीच शुद्धता राखूनही झाळ मूळ सोन्याआधी वितळते. पूर्वी यासाठी कॅडमियम वापरत आणि काही गिऱ्हाइके आजही ‘केडीएम (कॅडमियमची झाळ) आहे ना?’ असे कौतुकाने विचारतात. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे झाळताना त्याची विषारी वाफ कारागिराच्याच छातीत जाते. ते दुकानात आणूच नये.

टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात उगाळून सांध्याला लावावा, त्यावर मोहरीहून लहान असा झाळेचा कण ठेवावा आणि सांधा इतर कड्यांपासून दूर वळवून घ्यावा. सुरुवातीला ज्योत लांबून फिरवावी. टाकणखार एकदम फुगला तर कण उडून जातो. तो बसून काचेसारखा झाला की ज्योत जवळ आणावी आणि सांध्यावरून चकचकीत रेघ धावताना दिसताच त्याच क्षणी दूर न्यावी. पंखा मात्र बंदच ठेवावा, मग भाद्रपदाचा उकाडा कितीही असो.

काळवंडलेला भाग चिंचेच्या पाण्यात उकळला तरी निघतो. सौम्य आम्ल वापरत असाल तर त्यात लोखंडी चिमटा बुडवू नये, नाहीतर आम्लात उतरलेले तांबे सोन्यावर बसून त्याला लालसर छटा येते.

चकाकी देताना चकतीला हात लावू नये. लेझरने उमटवलेली खूण उथळ असते आणि पॉलिशच्या ब्रशखाली ती सहज पुसट होते. चकतीच तुटली असेल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगावे, कारण गेलेली खूण दुकानात पुन्हा कोरता येत नाही. नोंदणीकृत सराफामार्फत दागिना मान्यताप्राप्त केंद्रात पाठवून नवी खूण घ्यावी लागते. नकली कस खपवण्याची वाट असल्या ‘कोरून देतो’च्या आश्वासनातूनच सुरू होते, असे माझे मत आहे.

कानशीचा भुगा आणि पेढीखालचा केर वेगळा ठेवावा. झारेकरी तो धुऊन सोने काढतात. शेवटी पुन्हा वजन करावे आणि पावतीवर आधीचे वजन, वापरलेली झाळ व नंतरचे वजन अशा तीन ओळी लिहून साखळी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावी.