भरतकामाचे ब्लॉक वेगवेगळ्या मापाचे झाले तर काय करायचं – माझा अनुभव

हाताने भरलेले ब्लॉक (कापडाचे चौकोनी तुकडे) जोडून क्विल्ट (गोधडी) करायला घेतलं, सगळे कापड एकाच मापाचे कापलेले, पण भरून झाल्यावर एकावर एक ठेवले तर एकही दुसऱ्याशी जुळेना. जिथे भरीव टाका दाट होता तिथलं कापड जास्त आत ओढलं गेलं, साखळी टाक्याचे ब्लॉक त्यामानाने बरे होते.

मी ओढून ताणून शिवले नाहीत, कारण तसं केलं की कोपरे कधीच नीट बसत नाहीत. आधी भरायला वापरलेला धागा ओल्या पांढऱ्या कापडावर दाबून त्याचा रंग जातो का बघितलं (लाल धागा असेल तर हे कराच!), मग ब्लॉक पाण्यात भिजवून सपाट वाळवले, आणि जाड टॉवेलवर उलटे ठेवून इस्त्री केली. इस्त्री घासायची नाही, फक्त दाबून उचलायची, म्हणजे गाठीचे टाके टॉवेलमध्ये रुततात आणि चपटे होत नाहीत.

मग सगळ्यात लहान ब्लॉकच्या मापाचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन कापला, त्यावर मध्यरेषा आखल्या आणि त्या डिझाइनच्या मध्यावर ठेवून बाकीचे छाटले. कापडाच्या कडेवरून माप घेऊ नका, फूल हमखास एका बाजूला सरकतं. चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) या मापातच धरली, म्हणजे शिवून झाल्यावर 10 इंची राहणाऱ्या ब्लॉकसाठी साडेदहा इंच. मध्ये साध्या कापडाच्या पट्ट्या घातल्या, त्यामुळे उरलासुरला फरक त्यातच जिरला आणि भरतकामही उठून दिसतं.

पुढच्या वेळी प्रत्येक बाजूला निदान एक इंच जास्त कापड ठेवून भरणार आणि भरून झाल्यावरच छाटणार.